उभ्या गाडीच्या पोटातील करकर

दाराशी एखादे वाहन असणे ही आता आपल्या वस्त्यांत नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कुणाची ऑटोरिक्षा, कुणाचा मालाचा छोटा टेम्पो, कुणाची शाळेची व्हॅन. बहुतेक कर्जाने घेतलेली आणि बहुतेक घराची चूल पेटविणारी. अशी गाडी एखाद्या सकाळी जागच्या जागी उभी असताना भलताच आवाज काढू लागली की घरातल्या माणसांच्या पोटात कसा गोळा उठतो, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच ठाऊक. आमच्या घरी ही वेळ २०२४ च्या जून महिन्यात आली. तेव्हा जे शिकायला मिळाले ते, आणि शेवटी चूक आमचीच निघाली तीही, येथे सांगत आहोत.

आमचे धाकटे बंधू नागपुरात शाळेची व्हॅन चालवितात. पुढच्या सीटखाली इंजिन असते, तसली. ही मांडणी आपल्या लोकांना १९८४ साली बाजारात आलेल्या मारुती व्हॅनपासून चांगली ओळखीची आहे. सीट उचलली की इंजिन समोर. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. म्हणजे व्हॅनवाल्याला एप्रिलच्या शेवटापासून जवळजवळ दोन महिने धंदा नाही. त्या काळात भाऊ दुसऱ्याची टॅक्सी चालवितात आणि व्हॅन घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये ताडपत्री पांघरून उभी असते. शाळा उघडायला चार दिवस असताना त्यांनी ताडपत्री काढली, बॅटरी जोडली आणि चावी फिरविली.

इंजिन लगेच लागले, पण त्याच्यासोबत आणखी काहीतरी लागले. कोरडे जाते ओढावे तशी एक सारखी करकर, आणि तिच्यावर कुणी पत्र्याचा डबा हलवीत असल्यासारखी खडखड. गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला, चाके जागची हललेली नाहीत, आणि पोटात हा गोंधळ. शेजारची दोन पोरे खेळ सोडून बघायला आली.

भावाने गाडी तशीच हळूहळू चालवीत एका गॅरेजवर नेली. मालक तिथे तीन गाड्यांच्या मध्ये उभा होता. त्याने उभ्याउभ्याच ऐकले, सीट उचलून आत पाहिले आणि निकाल दिला : इंजिनमधील बेअरिंग गेले, इंजिन उतरवून बांधावे लागेल, पस्तीस हजार धरून चाला, आठ-दहा दिवस लागतील. गाडी आजच सोडून जा म्हणाला. भाऊ ‘घरी विचारून येतो’ म्हणून गाडी घेऊन परतले. ते एक वाक्य बोलले, हे पुढे फार कामास आले.

रात्री घरात हिशेब मांडला. पतसंस्थेचा हप्ता महिन्याला ७,८००. आमची पुतणी आय.टी.आय. ला मोटर मेकॅनिकच्या ट्रेडमध्ये शिकते, तिच्या दुसऱ्या वर्षाचा खर्च समोर होता. शाळा उघडून आठ दिवस व्हॅन आली नाही तर पालक थांबणार थोडेच, ते दुसरी व्हॅन बघतात आणि मग वर्षभर तीच राहते. वहिनींनी न बोलता कानातली फुले काढून डब्यात ठेवली. एका हितचिंतकाने सल्ला दिला की जाड ऑइल टाका, आवाज दबेल, तेवढ्यात विकून मोकळे व्हा. भाऊ गप्प राहिले. वहिनी मात्र म्हणाल्या, “अन् मंग त्याच्यात पोरं कोणाची बसतीन?” तो विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या मामांना बोलावून आणले. मामा एस.टी. च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. हातात पिशवी, पिशवीत एक हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि जुने धोतर फाडून केलेल्या चिंध्या. आम्हाला वाटले, आल्याबरोबर खोलायला बसतील. त्यांनी आधी चहा घेतला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. आवाज थंड इंजिनात जास्त की गरम झाल्यावर? ॲक्सिलरेटर दिला की वाढतो की बंद होतो? लाल दिवा कोणता लागला होता? गाडी किती दिवस उभी होती? त्याआधी काही काम केले होते का?

आम्हा तिघांपैकी एकालाही धड उत्तर देता आले नाही. चोवीस तास त्याच आवाजाच्या धास्तीत होतो, पण तो नीट ऐकला कुणीच नव्हता. मामा म्हणाले, “गाडी बोलून राहिली, अन् तुम्ही फक्त भिऊन राहिले.”

आधी उघड्यावर, मग चावी

पहिले काम म्हणजे गाडी ढकलून शेडबाहेर आणविली. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. माणसाला झोप आल्यासारखे वाटते आणि तो उठतच नाही. मग चाकाच्या पुढेमागे विटा लावल्या. पुतणीला ओढणी काढून ठेवायला लावली, भावाला हातातले कडे. फिरता पट्टा कपड्याचे टोक पकडतो तेव्हा हात सोडवून घ्यायलाही अवधी देत नाही. या दोन गोष्टी घाईत कुणी पाळत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

त्यानंतर टॉर्च घेऊन आत नजर टाकली. महिनोन्महिने उभ्या गाडीत उंदीर घर करतात, वायरींची साल कुरतडतात, पंख्यात चिंध्या अडकवून ठेवतात. आमच्या गाडीत कडुनिंबाची वाळली पाने आणि उंदराच्या लेंड्या निघाल्या, वायरी सुदैवाने शाबूत होत्या. हे चावी फिरविण्याआधीच बघायला हवे होते.

मग ऑइल. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद. पट्टी बाहेर काढून पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि मग बघायची. दोन खुणांच्या मध्ये ऑइल असले पाहिजे. आमचे खालच्या खुणेच्या थोडे वर होते. मामांनी थेंब दोन बोटांत चोळला आणि उन्हात धरला. इंजिनमधील मोठे बेअरिंग खरोखर झिजले असते तर ऑइलमध्ये धातूची बारीक चकाकी दिसण्याची शक्यता असते, ती नव्हती. पुतणीलाही चोळून बघायला लावले. पाण्याच्या बाटलीतील पातळीही ठीक होती.

इंजिन चालू केले. ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझला. हा दिवा विझला नसता, किंवा चालू इंजिनात पुन्हा लागला असता, तर मामांनी त्याच क्षणी इंजिन बंद करून गाडी टोचन करून न्यायला सांगितले असते. “त्या दिव्याच्या पुढं कोणाचीच हुशारी चालत नाही,” हे त्यांचे शब्द.

आवाजाचे ठिकाण

आता खरे ऐकणे सुरू झाले. भावाला क्लच दाबायला सांगितला. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, क्लच दाबल्यावर आवाज बंद झाला तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर जातो. दाबल्यावर नवा आवाज आला तर क्लचच्या रिलीज बेअरिंगवर. आमच्याकडे काहीच फरक पडला नाही. एका पायाच्या हालचालीत गिअरबॉक्स सुटला!

मग ॲक्सिलरेटर हळूहळू दिला. आणि इथे आम्हाला प्रथमच कळले की आवाज एक नव्हता, दोन होते. पत्र्याची खडखड इंजिन थोडे वेगात गेले की नाहीशी होत होती आणि खाली आले की परत येत होती. करकर मात्र वेगाबरोबर चढत जात होती, तिचा सूर बारीक होत होता. दोन वेगळे आवाज एकमेकांत मिसळले की कानाला तो एकच मोठा, भयंकर आवाज वाटतो. गॅरेजमालकाचीही हीच गत झाली असावी.

मामांनी इंजिनच्या ठोक्यांचे गणितही पुतणीला समजावून दिले, ते आम्हाला फार आवडले. इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला साधारण आठशे फेरे घेते. पण व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात एक आवर्तन दोन फेऱ्यांत पुरे होते. म्हणून व्हॉल्व्हकडचा, म्हणजे टॅपेटचा आवाज शिवणयंत्रासारखा हलका आणि सावकाश टिकटिक असतो, वरच्या झाकणाकडून येतो. खालच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले असेल तर आवाज जड, खोल, हातोडी लाकडावर मारल्यासारखा, आणि ॲक्सिलरेटर दिला की तो वाढतो, आपला नाहीसा होत नाही. आमची खडखड वेग वाढताच पळून जात होती. “रॉडचा आवाज असा भित्रा नसते,” मामा म्हणाले.

आता तो लांब स्क्रू ड्रायव्हर निघाला. त्याचे टोक इंजिनच्या एकेका न फिरणाऱ्या भागावर टेकवायचे आणि मुठीचे टोक कानामागच्या हाडाला लावायचे. डॉक्टरचा स्टेथोस्कोप तरी दुसरे काय करतो? १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून तो शोधला, हे आम्ही कुठेतरी वाचले होते. ते आम्ही मामांना ऐकविले. “त्याला पट्ट्यात हात जायची भीती नव्हती,” एवढेच म्हणून त्यांनी आम्हाला मागे सरकविले. कॅमच्या झाकणावर टोक ठेवले, नुसती नियमित टिकटिक. पाण्याच्या पंपावर, थोडी करकर. अल्टरनेटरच्या अंगावर टेकवले आणि मामांनी मान झटकन मागे घेतली. नंतर पुतणीने ऐकले, तिनेही तसेच केले.

पत्र्याचा आवाज शोधायला पुतणीने स्वतःची युक्ती काढली. नळीचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानाला आणि दुसरे टोक कशालाही न टेकविता इंजिनभोवती फिरविले. सायलेन्सरचा पाइप इंजिनला जिथे जोडलेला असतो, तिथे उष्णता अडविण्यासाठी एक पातळ पत्रा असतो. नळी त्याच्याजवळ गेली आणि ती ओरडली, “आबाजी, इथं!” मामांनी लांब लाकडी काठीने तो पत्रा दाबून धरला. खडखड बंद! काठी काढली की सुरू. इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन पाहिले तर पत्र्याच्या एका बोल्टचे भोक गंजून मोठे झाले होते.

पस्तीस हजारांची अर्धी भीती तिथेच सांडली. पण मामांनी कुणाला हसू दिले नाही. करकर बाकी होती.

पट्ट्याचा आवाज म्हणून ती करकर असेल का, हे बघायला त्यांनी चालू पट्ट्यावर बाटलीने थोडे पाणी शिंपडले. आवाज क्षणभर बदलला असता तर पट्टा सैल, झिजलेला किंवा तिरका बसलेला समजायचा. काहीही बदल झाला नाही. (या ठिकाणी पट्ट्याला साबण किंवा खोबरेल तेल लावणारे महाभाग असतात. तेलाने रबर खराब होते आणि पट्टा घसरून तोंडघशी पाडतो.)

मग इंजिन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, अल्टरनेटरचा बोल्ट सैल केला आणि पट्टाच काढून टाकला. वायर पुन्हा जोडून भावाने चावी फिरविली. आणि आमच्या घरामागच्या त्या अंगणात इंजिन आपल्या नेहमीच्या आवाजात बोलू लागले. बाकी काहीच नाही. वहिनी भांडी घासता घासता थांबल्या आणि उठून आल्या. पुतणी मात्र घाबरली, तिला समोर बॅटरीचा लाल दिवा दिसत होता. मामांनी सांगितले की पट्टा नाही म्हणजे अल्टरनेटर फिरत नाही आणि वीज तयार होत नाही, तो दिवा लागणारच. अर्ध्या मिनिटात इंजिन बंद केले, कारण पट्ट्याविना पाण्याचा पंपही फिरत नाही आणि इंजिन तापू लागते. ही परीक्षा करणाऱ्याने हे घड्याळ विसरू नये. ज्या गाड्यांत टायमिंगचा वेगळा पट्टा असतो, त्याला चुकूनही हात लावू नये. येथे सांगतो आहोत ते फक्त बाहेरच्या पट्ट्याबद्दल.

पट्टा नसताना आवाज गेला, म्हणजे दोष इंजिनच्या आत नव्हता. पट्टा ज्यांना फिरवितो त्यांपैकी एकात होता. आता एकेक पुली हाताने फिरविली. पाण्याच्या पंपाची गुळगुळीत फिरली, हलवून पाहिली तर खिळखिळी नव्हती, खाली पाणी झिरपल्याचा डागही नव्हता. अल्टरनेटरची पुली फिरविली तेव्हा बोटांना वाळूत हात फिरविल्यासारखे लागले. वहिनींनीही फिरवून पाहिली. “दळणात खडा आल्यावानी,” त्या म्हणाल्या. कोणत्या पुस्तकात याहून चांगले वर्णन असेल असे वाटत नाही.

पाणी कुठून गेले?

बॅटरीची वायर पुन्हा सोडून अल्टरनेटर उतरविला. वायर न सोडता हे काम केले तर पान्ह्याचा धक्का लागून ठिणग्या उडतात आणि मोठी हानी होते. बेअरिंग काढायला पुलर आणि बसवायला प्रेस लागतो, तो घरी नसतो. म्हणून ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. मामांनी तिथे एकच अट घातली की काम समोर करायचे आणि पुतणीला बघू द्यायचे. दुकानदाराने हसून तिला स्टूल दिले.

बेअरिंग बाहेर आले तेव्हा त्यातील ग्रीस विटकरी रंगाचे झाले होते. ग्रीस कुठे, तो गंजच होता. इलेक्ट्रिशियनने विचारले, “आत पाणी कुठून गेलं?” अल्टरनेटरला हवा खेळण्यासाठी जाळीसारख्या फटी असतात, तो काही पाण्यासाठी बंद डबा नसतो, हे त्याने दाखविले.

आम्ही मान खाली घातली. एप्रिलमध्ये शाळा संपल्यावर, गाडी दोन महिने उभी राहणार म्हणून, आम्हीच हौसेने ती वॉशिंग सेंटरवर नेली होती. दीडशे रुपये जास्त देऊन इंजिनवर जोराच्या पाण्याचा फवारा मारून घेतला होता, आणि चकचकीत झाले म्हणून धुणाऱ्या पोराचे कौतुकही केले होते. भावाने तेव्हा नको म्हटले होते. धुतल्यानंतर गाडी पाच मिनिटे चालवून सरळ शेडमध्ये घातली, आत शिरलेले पाणी वाळायला वावच मिळाला नाही. नागपूरच्या उन्हात वरचा पत्रा तापत होता आणि आत बंद बेअरिंगमध्ये गंज चढत होता. मामांनी पहिल्या दिवशी ‘आधी काही काम केले होते का’ असे विचारले, तेव्हा आम्ही ‘काही नाही’ म्हटले होते. धुणे हे काम आहे असे आम्हाला वाटलेच नाही.

खर्च लिहून ठेवला आहे : दोन बेअरिंगचे ४६०, इलेक्ट्रिशियनची मजुरी ३००, जुन्या पट्ट्याला बारीक चिरा दिसल्या म्हणून नवा पट्टा ५२०, पत्र्याच्या बोल्टखाली घालायला रुंद वायसर १० रुपयांचे. ऑइलही बदलून टाकले, तो खर्च तसाही येणारच होता. मामांनी पाचशे रुपये मजुरी मागून घेतली. आम्हाला आधी जरा चमत्कारिक वाटले. नंतर वाटले की आपणच आपल्या माणसाच्या कारागिरीला फुकटात धरतो.

सर्व बसविल्यावर पुतणीने मीटर लावून पाहिले. इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ व्होल्ट, चालू असताना १४.१. चांगला अल्टरनेटर साधारण पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान देतो, म्हणजे आमचा ठीक होता.

त्या गॅरेजवाल्याला आम्ही लबाड म्हणत नाही. इंजिनच्या एका धातूवरचा आवाज दुसऱ्या धातूतून पसरतो, आणि सैल पत्रा मंद वेगात खरोखर रॉडच्या ठोक्यासारखा भासू शकतो. मामा स्वतः म्हणाले की ऑइलमध्ये चकाकी दिसली असती किंवा पट्टा काढल्यावरही आवाज राहिला असता, तर त्यांनी इंजिन उतरवायलाच सांगितले असते आणि पस्तीस हजारांना इलाज नव्हता. फरक एवढाच की त्याने दोन मिनिटे ऐकले आणि मामांनी अर्धा दिवस.

जाता जाता इंजिन बंद असतानाच्या आवाजांविषयीही दोन शब्द, कारण पुष्कळजण उगाच घाबरतात. लांबून आलेली गाडी बंद केल्यावर खालून टिकटिक येते, ती तापलेला सायलेन्सर थंड होताना आकसतो त्याची. अनेक गाड्यांत चावी काढल्यावरही रेडिएटरचा पंखा मिनिट-दोन मिनिटे फिरतो. म्हणून बंद गाडीतही पंख्याजवळ बोट नेऊ नये. चावी पहिल्यांदा फिरविली की मागून दोन सेकंद जी गुणगुण येते ती पेट्रोलच्या पंपाची.

शाळा उघडली त्या सकाळी सहा वाजता भाऊ व्हॅन घेऊन निघाले. पुतणी अंगणात उभी राहून गाडी वळणापर्यंत जाईतो ऐकत होती. परत येऊन म्हणाली, “काका, मागचं सरकतं दार वाजून राहिलं.” संध्याकाळी तिनेच त्याच्या रुळाला ग्रीस लावले. ते जुने बेअरिंग तिच्या टेबलावर पेन्सिलीच्या डब्याशेजारी असते. कुणी आले की ती ते बोटावर फिरवून दाखविते, आणि मग सगळी मंडळी आमच्याकडे बघतात.